रिकामे सोडलेले गोल

लातूरला आम्ही राहायचो त्या गल्लीत एकही आई स्वतःबद्दल बोलायची नाही, पण प्रत्येकीच्या तोंडी सारखं ‘आम्ही’ असायचं. ‘आमचं केमिस्ट्री कच्चं आहे.’ ‘आमचा सिलॅबस झाला, आता रिव्हिजन.’ ‘आम्ही यंदा रिपीट करतोय.’ स्वतः दहावी नापास झालेली बाईही हेच बोलायची आणि त्यात कुणाला हसू यायचं नाही. मलाही नाही. मी तर त्या गल्लीतली सगळ्यात जुनी, तीन वर्षं काढलेली. नवीन आलेल्या बायका कुठल्या क्लासला घालावं हे मला विचारायला यायच्या आणि मी मोठ्या ऐटीत सांगायची.

ज्यांना लातूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मराठवाड्यात पोरानं दहावीला बरे मार्क घेतले की त्याला डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी, म्हणजे नीटसाठी, लातूरला पाठवतात आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर आईही जाते. एक खोली, एक शेगडी, एक कॉट, एक टेबल. बाप गावाकडे नोकरी किंवा शेती बघतो आणि महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा येऊन जातो. घरमालकांनी खोल्याही तशाच बांधल्यात, एक आई आणि एक लेकरू मावेल एवढ्या. आमच्या गल्लीत अशा वीसेक खोल्या होत्या.

आमचं घर धर्माबादचं. नवरा बिलोली तालुक्यातल्या एका शाळेवर मास्तर. मी मोंढ्याजवळ, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायची. दोन मशिनी, हाताखाली एक बाई, दारावर पाटी. मोंढ्यात मिरचीची आवक सुरू झाली की मशीन चालवता चालवता शिंकून जीव नकोसा व्हायचा, तरी बायका दाराशी बसून राहायच्या, कारण माझ्या हातचं गळ्याचं फिटिंग चांगलं होतं. मुलगी एकच.

ती चार वर्षांची असताना तिला तापात झटके आले होते. इथल्या डॉक्टरांनी नांदेडला न्या म्हणून सांगितलं. जीपमध्ये मी तिला मांडीवर घेऊन बसले. डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, आणि रस्ता काही संपेना. नायगावच्या पुढे तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मूल मोठं झालं की हे आपोआप थांबतं. ते खरं निघालं, झटके पुन्हा कधी आले नाहीत. माझा हात मात्र तिच्या कपाळावरून उठला नाही. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, पाहुण्यांत बसलेली असली तरी जाता-येता मी कपाळाला हात लावून बघायची. दहावीच्या निरोप समारंभात मैत्रिणींच्या घोळक्यात मी तसा हात लावला तेव्हा तिनं मान बाजूला घेतली. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनंच येऊन माफी मागितली. कशाबद्दल, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

लातूरला जाताना मी ठरवलं होतं की पोरीला अभ्यासाशिवाय कशालाही हात लावावा लागू नये. शब्दशः तसंच केलं. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, तेव्हा घागरी-बादल्यांपासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं माझ्याकडे. वेणी मी घालायची, ती पुढ्यात पुस्तक धरून बसायची. नखं मी काढायची. क्लासला सोडायला मी, आणायला मी, आणि मधला वेळ समोरच्या पायऱ्यांवर बाकीच्या आयांबरोबर. पुढे पुढे जेवताना तिचा पेन सुटू नये म्हणून मी घास भरवायला लागले. सतरा वर्षांची मुलगी वहीवरची नजर न काढता तोंड उघडायची आणि मी वरण-भाताचा घास आत सारायची. हे मी गल्लीत कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आणखी दोघी-तिघी भरवायला लागल्या.

एकदा तिनं तोंड उघडलं नाही.

‘मम्मी, भूक न्हाई.’

‘मग मी कुणासाठी करून राहिले हे सगळं?’ मी म्हटलं.

तिनं तोंड उघडलं.

क्लासची टेस्ट झाली की मार्कांचा मेसेज पालकांच्या मोबाइलवर यायचा. पोरांजवळ मोबाइल नसायचेच. त्यामुळे तिचे मार्क तिच्या आधी मला कळायचे. मी फाटकाशी उभी असायची. ती पोरींच्या घोळक्यातून बाहेर यायची आणि सगळ्यात आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मार्क चांगले असले की मी पिशवीतून केळं काढून पुढे करायची. कमी असले की नुसतं तिचं दप्तर खांद्यावर घेऊन चालायला लागायची. मी ओरडायची नाही, याचा मला फार अभिमान होता. घरापर्यंत ती माझ्या मागे दोन पावलं चालायची.

ओरडायची नाही, पण दुकानाचा विषय काढायची. दिवसातून एकदा तरी. रागानं नव्हे, सहज, भांडी घासता घासता. ‘आत्ता दसरा-दिवाळीचा टाइम, आपलं दुकान असतं तर मान वर करायला सवड न्हाई मिळाली असती.’ नाहीतर घरमालकीण काही लागट बोलली की, ‘दोन मशिनीची मालकीण मी, अन् हिचं ऐकून घेऊन राहिले.’ दुकान मी हाताखालच्या बाईच्या ताब्यात देऊन आले होते. तिनं हळूहळू माझी सगळी गिऱ्हाइकं आपली करून घेतली होती, हे नवऱ्याकडून कळलं तेव्हा मी दिवसभर जेवले नाही. मुलगीही जेवली नाही. तिच्या बाजूनं कोण बोललं असतं? खोलीत आम्ही दोघीच होतो.

बारावीनंतर पहिल्या खेपेला तिचा नंबर थोडक्यात हुकला. रिपीट करायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात धर्माबादला घरी असताना, मी लोणच्याच्या फोडी करत होते तेव्हा ती समोर येऊन बसली.

‘मम्मी, यंदा मी होस्टेलला राहू का?’

‘अन् मी?’

‘तू इथं राहा. दुकान बघ. तुझं बी दुकान परत सुरू होईल.’

आज हे लिहिताना कळतं की पोरीनं किती विचार करून, मला सोयीचं होईल असं बोलणं शोधून काढलं होतं. तेव्हा मला नव्या सुनेनं वेगळी चूल मागावी तसं वाटलं. मी विळी बाजूला सारली आणि म्हटलं, ‘जड झाली का मी तुला?’ ती लगेच ‘न्हाई, न्हाई’ म्हणाली. विषय संपला. जूनमध्ये मी तीच खोली परत घेतली. नवरा सामान टेम्पोत चढवत होता. तो काही बोलला नाही. आमच्या घरात तो तसा कमीच बोलतो, म्हणून मी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

त्या वर्षी तिचे टेस्टचे मार्क एवढे वाढले की गल्लीत माझा रुबाब वाढला. परीक्षेला महिना राहिला असेल. दुपारी ओट्यावर आम्ही पाच-सहा जणी मेथी निवडत बसलो होतो. एकीनं विचारलं, नंबर लागल्यावर पोरगी लांब जाईल, मग कसं? मी म्हटलं, ‘कसं म्हणजे? जिथं कॉलेज भेटंल तिथं मी खोली करणार. मुंबई असू दे न्हाईतर अजून कुठं. साडेपाच वर्षं काय, बघता बघता जातील.’ बायका वा वा म्हणाल्या. मुलगी तिथंच, पाण्याच्या माठाजवळ बाटली भरत होती. तिनं बाटली भरली, झाकण लावलं आणि आत गेली. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी मला त्यात थकवाच दिसला असता आणि मी लिंबू-सरबत करून दिलं असतं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर मी उन्हात उभी होते. पेपर सुटल्यावर ती बाहेर आली, आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. सरळ पुढे बघत आली. कसा गेला म्हणून विचारलं तर ‘बरा’ म्हणाली. खोलीवर आल्यावर ताट वाढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं जेवली. मला वाटलं, चला, ओझं उतरलं पोरीचं.

आम्ही धर्माबादला परत आलो आणि निकाल लागला. टेस्टमध्ये पडायचे त्याच्या जेमतेम निम्मे मार्क होते.

मी आधी रडले आणि मग खवळले. एवढे कमी मार्क पडूच शकत नाहीत, तपासणाऱ्या मशीननं चूक केली असणार, आपण अर्ज करू. नवरा म्हणाला, ‘जाऊ दे.’ मी म्हटलं, ‘तुमचं आयुष्यच जाऊ दे म्हणण्यात गेलं.’ उत्तरपत्रिकेचा फोटो मेलवर येतो, हे मला गल्लीतल्या एकीनं फोनवर सांगितलं होतं. मेल नवऱ्याच्या नावाचा. मी त्याला म्हटलं, चला कॉम्प्युटर सेंटरवर. तो जागचा हलला नाही. तेव्हा मुलगी उठली, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, ‘पासवर्ड मला माहीत हाय. चल.’

बस स्टँडजवळच्या सेंटरवर गर्दी नव्हती. तिथल्या माणसाला मी सगळी कहाणी सांगितली, बरीच मोठ्या आवाजात. मुलीनं पासवर्ड टाकला. पडद्यावर तो कागद उघडला. सगळा गोलांचा. मला भौतिकशास्त्र कळत नाही आणि जीवशास्त्रही कळत नाही, पण भरलेला गोल आणि रिकामा गोल एवढं कळतं. पहिल्या दोन विषयांचे गोल काळेभोर, एकसारखे, एकही रेघेबाहेर न गेलेला. मग जीवशास्त्र, तिचा सगळ्यात पक्का विषय. त्यात वरचे दहा-बारा भरलेले, आणि खाली काहीच नाही. रांगांमागून रांगा रिकाम्या.

‘काकू, मशीन तरी काय वाचंल?’ तो माणूस म्हणाला. ‘इथं भरलेलंच न्हाई.’

‘वेळ पुरला नसल,’ मी म्हटलं. ‘पुरला न्हाई का गं वेळ?’

‘पुरला,’ ती म्हणाली.

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि प्रिंट काढू का म्हणून हळूच विचारलं. मी नको म्हटलं.

बाहेर येऊन आम्ही मोंढ्याच्या रस्त्याला लागलो. मी विचारलं, ‘पेपर अवघड होता का?’

‘सोपा होता.’

‘मग?’

एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ती थांबली. ‘पेन ठेवून घड्याळ बघत बसले, मम्मी. तिथल्या बाई दोनदा येऊन गेल्या, तब्येत बरी न्हाई का म्हणून.’

‘काहून गं?’

‘नंबर लागला असता तर तू आली असतीस.’

भर रस्त्यात मी तिला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षं, दुकान, मशिनी, उन्हात फाटकाशी काढलेले दिवस, वाहिलेल्या घागरी, सगळं बाहेर पडलं. येणारे-जाणारे बघत होते. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाली, ‘हेच.’

‘काय हेच?’

‘हेच मी तीन वर्षं ऐकून राहिले. तू भरवायचीस तवा बी मला हेच ऐकू यायचं.’

मग ती चालायला लागली. त्या दिवशी मी तिच्या मागे दोन पावलं चालत घरी आले.

घरी नवरा ओट्यावरच बसला होता. त्याच्या तोंडावरून मला कळलं. ‘तुम्हाला माहीत होतं,’ मी म्हटलं.

‘मेल निकालाच्या आधीच आला होता,’ तो म्हणाला. ‘मी बघितला. तिला विचारलं. तिनं सांगितलं सगळं.’

‘अन् मला सांगावं वाटलं न्हाई?’

तो म्हणाला, ‘तुम्ही दोघी गेलात तवा मी एकटा कसा राहीन, असं कुणी विचारलं होतं का? मी बी बोललो न्हाई. तीन वर्षं खिचडी खाल्ली. मनात लई राग होता, पण बोललो न्हाई. ती माझीच पोरगी हाय. तिनं बी तेच केलं.’ वीस वर्षांच्या संसारात तो एका दमात एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मुलीनं नांदेडच्या कॉलेजात भूगोल घेऊन ॲडमिशन केली. फॉर्म स्वतः भरला, होस्टेलही स्वतः बघून आली. तिला भूगोल आवडतो हे मला माहीतच नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, ‘मम्मी, तुला काही सांगायचं हाय. मधी बोलू नको.’ आणि तिनं सांगितलं. रविवारी सकाळी फोन ती करणार, मधल्या दिवसांत मी करायचा नाही. न विचारता होस्टेलला यायचं नाही. डबा पाठवायचा नाही. आजारी पडली तर तिला गरज वाटली की ती बोलावील.

‘मी काय परकी हाय का गं?’ मी म्हटलं.

‘परकी असतीस तर सांगावं लागलं नसतं,’ ती म्हणाली. बोलताना तिचा कप बशीवर वाजत होता. एवढीशी गोष्ट सांगायला माझ्या पोरीला किती भीती वाटत होती, ते त्या आवाजावरून मला कळलं, आणि कोणाची भीती तेही. मी हो म्हटलं.

हो म्हटलं आणि दुसऱ्या आठवड्यातच मोडलं. आमच्याकडे नांदेडला शिकणाऱ्या पोरांचे डबे सकाळच्या एसटीनं जातात. स्टँडवर जायचं, ड्रायव्हरच्या ओळखीनं डबा केबिनमध्ये ठेवायचा, पोरं नांदेडच्या स्टँडवरून उचलतात. सकाळी तिथं बायकांची रांगच असते. मी भाजी आणायला गेले होते आणि ती रांग बघितली. घरी आले, ज्वारीच्या भाकरी टाकल्या, शेंगदाण्याची चटणी, वांगं, नऊच्या गाडीनं डबा लावून दिला आणि तिला तसा मेसेज टाकला. डबा परकर-पोलक्याच्या उरलेल्या कापडात बांधला होता. वाटलं, भाकरीला कोण नाही म्हणतं?

संध्याकाळच्या गाडीनं डबा परत आला. कापडाची गाठ माझीच होती, जशीच्या तशी.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्याला येत होता. तो फोन घेऊन ओट्यावर जायचा आणि मी आत भिंतीला कान लावून उभी राहायची, हे कबूल करायला मला लाज वाटते. मी त्याला काही विचारलं नाही आणि त्यानं काही सांगितलं नाही. चौथ्या रविवारी माझा फोन वाजला.

‘डबा परत लावताना मला लई वाईट वाटलं,’ ती म्हणाली. ‘पण ठेवून घेतला असता तर दुसऱ्या दिवशी परत आला असता.’

‘हाव,’ मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, आलाच असता.

तेव्हापासून मी नियम मोडला नाही. दुकान परत उघडलं आहे, एका मशिनीवर. गिऱ्हाईक तुरळक येतं. रिकाम्या वेळात बसल्या बसल्या डोक्यात नाही नाही ते येतं, आणि त्यातली एक गोष्ट इथं लिहून टाकते, कारण ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. दुकान मी मुलीसाठी सोडलं, हे अर्धंच खरं आहे. लातूरला जायच्या वर्षभर आधीपासून ते बसत चाललं होतं. बाजारात तयार ब्लाऊज आले होते, तरण्या पोरी माझ्याकडे फिरकत नव्हत्या, दुसरी मशीन महिना-महिना झाकलेली असायची. दुकान चालत नाही म्हणून सोडलं, असं सांगायला मला जड गेलं असतं. पोरीसाठी सोडलं म्हटल्यावर लोकांनी माझं कौतुक केलं. मग ते माझंच मला खरं वाटायला लागलं, आणि जे माझ्या हातून तसंही जाणारच होतं, त्यासाठी मी पोरीला तीन वर्षं दोषी धरलं. हे तिला सांगायला हवं. दर रविवारी ठरवते. दर रविवारी ती काहीतरी चांगलं बोलते आणि माझा धीर होत नाही.

मागच्या महिन्यात एका बुधवारी नवरा शाळेतून आला. पाय धुता धुता म्हणाला, ‘तिला ताप हाय. दोन दिवस झाले. खोलीतल्या पोरीनं दवाखान्यात नेलं होतं, गोळ्या चालू हायेत.’

‘तिनं मला सांगू नका म्हटलं होतं का?’

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘या टायमाला तसं काही म्हणली न्हाई.’

‘मग बोलावलंय का मला?’

‘तसं बी न्हाई म्हणली.’

मी आत गेले, साडी बदलली, पिशवीत दोन पातळं, सुती फडकी, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि थर्मामीटर भरलं. पुढच्या खोलीत येऊन पिशवी मांडीवर घेऊन बसले. पाचच्या गाडीला अजून वेळ होता. सांगू नका म्हणाली नाही, म्हणजे मला कळावं असं तिला वाटत असेल. वाटत असतं तर बोलावलं असतं. बोलावायला लाजत असेल. लाजत नाही ती, स्पष्ट सांगून गेली आहे. असं मी कितीतरी वेळ करत बसले. डोळ्यासमोर सारखी ती जीप येत होती. नवरा दारात उभा राहून म्हणाला, ‘जायचं असल तर जा. मी न्हाई अडवत.’ मी गेले नाही. पाचची गाडी गेली, मग साडेसहाची गेली. मी पिशवी रिकामी केली आणि स्वयंपाकाला लागले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. नवरा रोज तिला फोन करायचा आणि ताप किती आहे ते मी न विचारता मला सांगायचा.

रविवारी सकाळी फोन आला. तिचा आवाज बसलेला होता.

‘काय करून राहिलीस?’

‘बाही जोडून राहिले. समोरच्या काकूंचं ब्लाऊज हाय.’

‘बरं.’

नेहमी ती कॉलेजचं काहीतरी सांगते. या खेपेला काही बोलली नाही. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. जेवलीस का, औषध घेतलंस का, अंगावर पांघरूण आहे का, सगळं तोंडाशी आलेलं.

‘पप्पांनी सांगितलं असल तुला,’ ती म्हणाली.

‘हाव.’

‘बुधवारीच?’

‘हाव.’

‘आली न्हाईस.’

मी मशिनीवरचा हात काढून घेतला. तेवढे दोनच शब्द. मी वागले ते बरोबर झालं, असं ती सांगत होती का? की चार वर्षांची पोर अंगात ताप घेऊन चार दिवस दाराकडे बघत पडली होती आणि आई आली नाही, असं? आवाजावरून मला काही कळेना. विचारावं, तर विचारायचा हक्क आता माझ्याकडे किती शिल्लक आहे तेही कळेना.

‘तू बोलावलं न्हाईस,’ मी म्हटलं.

‘हाव. न्हाई बोलावलं.’

मग तिनं नाक ओढलं. सर्दी होती की रडत होती, देव जाणे. कपाळाला हात लावल्याशिवाय मला माझ्या पोरीचं काही ओळखताच येत नाही. एवढ्या वर्षांत ते मी शिकलेच नाही.

‘ठेवते, मम्मी,’ ती म्हणाली. ‘पुढच्या रविवारी करते.’